काजल आली नाही तर

‘काजल आली नाही तर तिची जागा पुढच्याला द्यावी.’ स्क्रीनवर ही ओळ उमटली आणि तिच्याआधी हिरवी बरोबरची खूण आली, म्हणजे चाचणी पास. मी तेव्हा कूलरमध्ये पाणी आहे का ते वाकून बघत होतो. सरळ होऊन पाहिलं तर काळ्या पडद्यावर हिरव्या ओळींची रांग खाली सरकत होती आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत माझ्या बायकोचं नाव होतं. काजलची वेळ ठरली असेल तर तिला आठवण जावी. काजलचा फोन लागला नाही तर पुन्हा लावून बघावा. काजलने दोनदा नाव नोंदवलं तर एकच धरावं. देवनागरी अक्षरं त्या पडद्यावर नीट बसत नाहीत, काने-मात्रे इकडेतिकडे सरकतात, पण नाव वाचता येत होतं. हे सगळं मीच लिहिलेलं होतं, लग्न झालं त्या वर्षी, याच लोणखेड्याच्या घरात, याच टेबलावर. दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा ठरवणारं ते अ‍ॅप होतं आणि चाचणीसाठी खोटे रुग्ण लागायचे. काजल नर्स, रोज बसने तळोद्याला जायची. त्या दिवशी सुट्टी म्हणून शेजारी बसून वाटाणे सोलत होती. म्हणाली, सगळ्या आजारी माणसांना मी ओळखते, मलाच घाल. मी घातलं. मार्गशीर्षात ती गेली, आणि या ओळी मी विसरून गेलो होतो. विसरलो होतो म्हणूनच बरा चाललो होतो, असं आता वाटतं.

काम तसं रुक्ष होतं. पुण्याच्या कंपनीला जावास्क्रिप्टच्या युनिट टेस्टिंगसाठी एक टूल कायमचं ठरवायचं होतं. जुना कोड जेस्टवर चालायचा. कुणी म्हणत होतं मोका घ्या, कुणी म्हणत होतं व्हायटेस्ट. आमच्या टीमचा प्रमुख पवन, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि बोलायला गोड. तो म्हणाला, हेमकांत सर, तुम्ही घरून काम करता, तुमच्याकडे शांतता असते, तिन्ही चालवून बघा आणि दुपारच्या आत दोन पानं लिहून पाठवा. शांतता! आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळपासून गल्लीत पोरींची गाणी चालू होती, लिंबाला झोके बांधलेले, आणि स्वयंपाकघरात धग एवढी की ओट्याशी उभं राहणाऱ्या बायकांचे चेहरे तांबडे झालेले. आई खापरावर, उपड्या घातलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यावर, पुरणपोळ्या टाकत होती. कोपरापर्यंत पसरलेली पोळी हातावरून उलटी खापरावर घालायची, हे काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. घरात या वर्षी मृत्यू झालेला, म्हणून आजची आखाजी आमच्यासाठी सणाची नव्हतीच. काजलच्या नावाने पाण्याची पहिली घागर आज भरायची होती.

युनिट टेस्ट म्हणजे काय, हे मी एकदा वडिलांना समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. कोडचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, त्याला बाकी सगळ्यांपासून तोडून वेगळा बसवायचा आणि ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतो का ते बघायचं. तुकड्याला फोन लावायचा असेल तर खरा फोन द्यायचा नाही, फोनचं सोंग घेतलेलं काहीतरी द्यायचं. त्याला आम्ही मॉक म्हणतो. मॉकला काही कळत नसतं. हाक मारली की शिकवलेलं उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. वडिलांनी, पितांबर पाटलांनी, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग खरा फोन लागस का नई ते कव्हय दखतस? मी म्हणालो, ते दुसरे लोक बघतात. त्यांनी मान हलवली आणि पपईला पाणी द्यायला निघून गेले. काजल तेव्हा दारात उभी होती, तिने पदरात तोंड लपवून हसून घेतलं. तिला माझी फजिती फार आवडायची. अजूनही कुठे फजिती झाली की मी दाराकडे बघतो, आणि मग मला माझाच राग येतो.

जेस्टमध्ये सगळं एकाच पुडक्यात मिळतं, चाचणी चालवणं, उत्तर तपासणं, सोंगं तयार करणं. सुरू व्हायला मात्र ते जरा वेळ घेतं. मोका नुसतं चालवतं. तपासायला दुसरी लायब्ररी आणा, सोंगांना तिसरी आणा, म्हणजे मोकळीक पुष्कळ पण हातपाय आपले आपण जुळवायचे. मी हे टिपून घेत होतो एवढ्यात आई आत आली. हाताला पीठ, कपाळाला घाम. आमची आई, धनुबाई, कधी दारावर टकटक करत नाही, सरळ बोलायला सुरुवात करते.

“हेमू, दीपमालाले बठाडसू. मी सांगी दिधं तिले.”

मला कळायला क्षण लागला, खरं म्हणजे मी तो लावला. आमच्याकडे आखाजीला पितर जेवायला बसवतात. गेलेला पुरुष असेल तर पुरुष, बाई असेल तर बाई, सवाशीण गेली असेल तर सवाशीण. त्या माणसाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, गंध-कुंकू लावायचं आणि गेलेल्याच्या नावाने हाक मारून जेवू घालायचं. तो उठेपर्यंत घरातल्या कुणीही घास घ्यायचा नाही. शेवटी विचारायचं, धापनी का, म्हणजे पोट भरलं का. पाटावरची बाई म्हणते, धापनू. मग पितर तृप्त होऊन गेला असं धरतात. आजोबांच्या नावाने दरवर्षी भाऊबंदातले भाईदास आप्पा बसतात आणि दुसरा घास तोंडात असतानाच धापनू म्हणून टाकतात, आणि मग निवांत दोन ताटं जेवतात. तो प्रश्न हा प्रश्न नाहीच, हे आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत.

“दीपमाला कशाला?” मी विचारलं. दीपमाला म्हणजे माझा चुलतभाऊ नवनीत, त्याची बायको. लग्न होऊन दीड महिना झालेला. सुरतेत वाढलेली, घरी अहिराणी बोलणारी, पण गाव तिने सुट्टीपुरतंच पाहिलेलं. काजलला तिने कधी बघितलंही नव्हतं.

“तिले काजलनं काहीच माहीत नई, म्हनीसन तीच बरी,” आई म्हणाली. “वयखनारी बाई बठनी का रडी पडस. मंग पितर जेवत नई, भुक्या उठस.” आणि जाता जाता म्हणाली, “पाय तुले धोना पडतीन.”

म्हणजे हिला काही माहीत नाही हीच तिची लायकी. मला संताप आला, तो आईचा नव्हता. मी सकाळपासून तेच करत होतो ना! ज्याला काही कळत नाही ते खऱ्याच्या जागी बसवायचं आणि शिकवलेलं उत्तर मिळालं की हिरवी खूण करायची. मला हे नको होतं. काजलच्या नावाने कुणीतरी उपरी पोर बसणार, चार घास खाणार, धापनू म्हणणार, आणि घरातले सगळे हात जोडून म्हणणार की झालं, गेली ती, समाधानाने गेली. समाधानाने कोण गेलं? तिचं डोकं दुखायला लागलं ते न्हाणीघरात. बाहेर आली, उंबऱ्यावर बसली, म्हणाली, दिवा लावा ना, अंधार का केला. बाहेर लख्ख ऊन होतं. मेंदूत रक्त फुटलं होतं हे नंदुरबारला कळलं. सुरतेला न्या म्हणाले, आम्ही निघालो, आणि सुरत आलीच नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी ड्रायव्हरला सारखा हॉर्न वाजवायला सांगत होतो. तिचं काय काय राहून गेलं होतं! तिला तहान होती, झोप होती, माहेरी, खापर गावाला, आईला भेटायला जायचं होतं. एका बाईने एक शब्द म्हटला म्हणून हे सगळं भरून निघतं, असं मान्य करायची माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती जावी हीच माझी तयारी नव्हती. गेल्यापासून तिचं नाव मी तोंडाने उच्चारलेलं नाही. नाव घेतलं आणि कुणी ओ दिली नाही तर काय करायचं?

पवनचा फोन आला. मी शेअर केलेली स्क्रीन त्याने पाहिली आणि मोकावर नमुन्यापुरत्या नेलेल्या फाइलीही हिरव्या झालेल्या बघून खूश झाला. मग जरा थांबून म्हणाला, “सर, एक सुचवू का? नवीन टूलवर नेतो आहोतच, तर ती चाचण्यांमधली नावं बदलून टाकू. युजर एक, युजर दोन असं काहीतरी. नवीन मुलं विचारतात, ही काजल कोण.”

“काय सांगतोस त्यांना?”

“काही नाही सांगत. त्यांना वाटतं, नमुना म्हणून घातलेलं नाव आहे.” त्याचा आवाज खाली गेला. “सर, तुम्हालाच त्रास होत असेल ना बघून.”

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. पवन वाईट नाही. वाईट कुणीच नव्हतं, हीच माझी अडचण होती. आई वाईट असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

मग मी एक काम केलं जे अहवालासाठी लागतंच. तिन्ही टूलमध्ये मुद्दाम कोड बिघडवला. चाचणी पास होताना सगळी टूलं सारखीच दिसतात. नापास होताना कोणतं काय सांगतं यावर त्यांची पारख होते. रुग्णाचं नाव परत देणारी ओळ मी पुसली आणि चालवून बघितलं. तिन्हीकडे लाल झालं. शब्द थोडे वेगळे, मांडणी वेगळी, पण मथितार्थ एकच: अपेक्षित काजल, मिळालं काहीच नाही. एकाने तर दोन ओळी एकाखाली एक मांडून दाखवल्या, वर वजाचं चिन्ह आणि तिचं नाव, खाली अधिकचं चिन्ह आणि पोकळी. मार्गशीर्षापासून मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने काही ना काही समजूत घातली होती. देवाला आवडली, सुटली बिचारी, तुझं वय काय आहे रे. इतकं सरळ मला कुणी काही सांगितलं नव्हतं. गल्लीत पोरींचं गाणं थांबलं, कुणीतरी झोक्यावरून पडलं असावं, आणि पुन्हा सुरू झालं. मी पुसलेली ओळ परत लिहिली.

अहवालात शिफारस व्हायटेस्टची केली. लवकर सुरू होतं, आणि लिहायची पद्धत जेस्टसारखीच असल्याने जुन्या चाचण्या फारसा हात न लावता नेता येतात, असं कारण दिलं. कारण खरंच आहे, कुणीही तपासून पाहावं. मोका घेतलं असतं तर प्रत्येक फाइल उघडून तपासण्याच्या ओळी नव्याने लिहाव्या लागल्या असत्या, आणि प्रत्येक फाइलमध्ये ती होती. नावं बदलण्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. पाठवून दिलं तेवढ्यात आईची हाक आली, सैपाक हुई गया, पितरं वाट दखी ऱ्हायनात.

मधल्या खोलीत भाईदास आप्पा आजोबांचं जेवण उरकून, हात धुऊन, एव्हाना स्वतःच्या पोटाला लागले होते. आजोबा जुने पितर, त्यांचं फार कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्या भिंतीशी नवी घागर होती, तिच्यावर आंबा, सांजोरी, शेजारी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी. पाटावर दीपमाला बसली होती. आईने तिला काजलची अबोली साडी नेसवली असती तर मी उलट्या पावली परतलो असतो, पण साडी कोरी होती, घडीच्या खुणा दिसणारी. मी जेठ, म्हणजे थोरला दीर, एरवी माझ्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही. आता मी तिच्या पायांशी तांब्या घेऊन बसलो आणि ती एवढी आखडली की अंगठे वर उचलले गेले. पाय धुतले, पुसले. आईने कुंकू लावलं. “काजल, जेव माय,” आई म्हणाली आणि तोंड फिरवून भज्यांची परात उगीच सरकवली.

दीपमाला जेवायला लागली. सकाळपासून ती खापराजवळ पोळ्या झेलत होती आणि पितराआधी कुणी चाखायचं नसतं, म्हणून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे नवनीतने मला मागाहून सांगितलं. घास मोठे होते. काजल भराभर जेवायची, अर्धं लक्ष बसकडे ठेवून. ही मन लावून जेवत होती. वडील भिंतीला टेकून बसलेले, नवनीत दारात, लहान पोरं स्वयंपाकघराच्या चौकटीत ताटकळलेली. आईने पदर सावरला आणि विचारलं,

“धापनी का, काजल?”

दीपमालाने वर पाहिलं. “नई,” ती म्हणाली. “आखो भूक शे.”

आईचा हात तोंडावर गेला. नवनीत दारातून पुटपुटला, “ओ, धापनू म्हन ना!” भाईदास आप्पांचं चावणंसुद्धा थांबलं. पितर भुकेला आहे असं या घरात आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. पोरीला काही समजेना. तिचे डोळे भरले. “मले इचारं म्हनीसन खरं सांगं,” ती म्हणाली. सुरतेत त्यांच्याकडे हे नव्हतं. तिला तो प्रश्न वाटला होता.

आणि मला काय झालं ते कसं सांगू! मला आनंद झाला. पोट नाही भरलं. बरोबर आहे. कसं भरेल? तिशीसुद्धा गाठली नव्हती बाईने. मी उठलो, खापरावरची गरम पोळी आणली, तिच्यावर तूप ओतलं, आमरसाची वाटी भरली आणि तिच्यासमोर बसलो. “जेव,” म्हणालो. वडील म्हणाले, “भुकी शे ते वाढा, त्यामा काय व्हयनं?” तिने डोळे पुसले आणि ती पोळी खाल्ली. मी आणखी एक वाढली. आई म्हणाली, “आते तू इचार, तुन्हा हक शे.” मी विचारलं नाही. जोवर विचारत नाही तोवर पाटावरून कुणी उठणार नव्हतं, कुणी जाणार नव्हतं. मी भजी वाढली, कुरडई वाढली, पुन्हा रस. पोरं चौकटीतून आत-बाहेर करायला लागली. माझ्या हातात पोळीचं ताट होतं आणि मला वाटत होतं की हे असंच चालू राहिलं तर संध्याकाळ होईल, उद्या होईल.

“हेमकांत,” वडील म्हणाले. ते मला पूर्ण नावाने क्वचित हाक मारतात. “पोर शे ती.”

मी पाहिलं. दीपमालाच्या कपाळावर घाम होता. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता, आणि ती पाण्याच्या घोटाबरोबर तो ढकलत होती. डावा हात पोटावर होता. तिचं केव्हाच झालं होतं. जेठ वाढतो आहे, नको कसं म्हणायचं, म्हणून ती खात होती, आणि मी वाढतच गेलो असतो तर खातच गेली असती. मी ताट खाली ठेवलं. ते नाव माझ्या तोंडातून निघेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

“काजल,” मी म्हणालो. “धापनी का?”

“धापनू,” दीपमाला म्हणाली, आणि बरोबर बोलले ना, म्हणून आईकडे पाहिलं. आई रडत होती आणि मान हलवत होती. दीपमाला हाताचा आधार घेऊन पाटावरून उठली. दाराशी नवनीत बाजूला झाला. काजल रोज सकाळी याच दारातून तळोद्याची बस धरायला निघायची. येस मी, म्हणजे येते मी, असं म्हणायची, आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचो, ये. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला जा म्हणत नाहीत. जा म्हटलं तर माणूस परत येत नाही, म्हणून सगळे ये म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. दीपमालाचं पाऊल उंबऱ्यावर होतं. तिला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात मी म्हणालो, “जा.”